डांग्या खोकल्याचा जंतू शोधणारे ज्यूल बोर्दे

बाळाच्या लसीकरण कार्डावरचं ‘डीपीटी’ आठवतंय? त्यातला ‘पी’ म्हणजे पर्टुसिस, आपला डांग्या खोकला. त्याचा जंतू शोधणाऱ्या डॉक्टरांची ही गोष्ट.

ज्यूल बोर्दे यांचा जन्म १३ जून १८७० रोजी बेल्जियममध्ये झाला. २२व्या वर्षी ते डॉक्टर झाले आणि १८९४ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना एक गंमत दिसली. रोगाशी लढलेल्या प्राण्याचा रक्तद्रव ५५ अंशांवर तापवला, की त्याची जंतू मारण्याची ताकद जायची. त्यात साध्या प्राण्याचा थोडा ताजा रक्तद्रव मिसळला, की ती परत यायची! म्हणजे अँटिबॉडी फक्त जंतू ओळखून त्याला चिकटते. त्याला फोडायला रक्तातला दुसरा घटक लागतो. तोच ‘कॉम्प्लिमेंट’.

१९०१ मध्ये ते ब्रुसेल्सला परतले. आजारी बाळांच्या कफात त्यांना एक जंतू दिसला होता, पण प्रयोगशाळेत तो वाढेना. शेवटी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त यांच्या मिश्रणावर बोर्दे आणि सहकारी ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये तो वाढवला. जंतू हाती आल्यामुळेच पुढे लस बनवता आली.

बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. १९६१ मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते गेले. जंतूला आज ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ म्हणतात. त्याचं विष ओळखायला प्रयोगशाळा अँटिबॉडीच वापरतात: ती नेमकी त्या विषालाच चिकटते. बोर्दे यांनी आयुष्यभर अभ्यासलेला गुण तो हाच.

बाळाचा डोस राहिलाय का? कार्ड एकदा बघाच.