वांकानेर ते सोलापूर : वालचंद हिराचंद यांच्या घराण्याचा मागोवा

सोलापूर - वालचंद महाविद्यालय ठाऊक नाही असा सोलापूरकर विरळाच. त्याच संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे आहे. श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या या दोन महाविद्यालयांची नावे एकापुढे एक ठेवली, की एका घराण्याच्या तीन पिढ्यांची वंशावळ आपोआप तयार होते. नेमचंदांचे हिराचंद आणि हिराचंदांचे वालचंद. रोजच्या बोलण्यात मात्र नावाचा पुढचा अर्धा भाग गळून पडतो आणि त्याबरोबर बापही विस्मरणात जातो. वालचंदांच्या चरित्रात नेमके हेच झाले आहे. जहाज, विमान आणि मोटार या तीन शब्दांनी त्यांची ओळख करून दिली जाते. हा माणूस कोणत्या घरातून आला आणि त्या घराची कोणती रीत त्याने मोडली, हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो.

हे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. धर्माने दिगंबर जैन, आडनाव दोशी. दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी. संस्कृतातील दूष्य, म्हणजे वस्त्र, या शब्दाशी त्याचे नाते आहे. आडनावातच पूर्वजांचा धंदा नोंदलेला असल्याने या कुळाचा आरंभ शोधणाऱ्याला पहिला दुवा तेथेच सापडतो. दुसरा दुवा नावाच्या घडणीत आहे. गुजराती व्यापारी घरांत स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच लिहून आडनाव सोडून देण्याची चाल होती. त्यामुळे प्रत्येक नावात दोन पिढ्या सामावतात आणि साखळीच्या कड्यांप्रमाणे एकातून दुसरी निघत जाते. जैन समाजात वंशाच्या नोंदी ठेवण्याची सवय तशी जुनीच. मंदिरांतील धातुमूर्तींच्या पाठीवर दात्याचे, त्याच्या वडिलांचे आणि ज्ञातीचे नाव कोरलेले असते. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळणाऱ्या वहीवंच्यांचा व्यवसायच होता.

गुजरातेतील अनेक जैन कुटुंबे व्यापाराच्या ओढीने दख्खनेत उतरली. फलटण, बारामती, अकलूज, नातेपुते या भागांत त्यांची घरे स्थिरावली. दोशी कुटुंब सोलापुरात आले आणि कापसाचा व्यापार व सावकारी यांत त्याचा जम बसला. सोलापूरला हा काळ अनुकूल होता. १८६० मध्ये येथे रेल्वे पोहोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील दक्षिणेकडच्या मळ्यांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. कापूस, रेल्वे आणि पतपुरवठा यांच्या या संगमावर ज्या पेढ्या वाढल्या, त्यांत दोशींचीही पेढी होती.

हिराचंद नेमचंद यांना केवळ पेढीवाले समजणे अन्यायाचे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी सोलापुरातून जैन बोधक हे मासिक सुरू केले. धर्मग्रंथ छापणे म्हणजे त्यांची विटंबना, असे मानणाऱ्यांची संख्या तेव्हा मोठी होती. हिराचंद छपाईच्या बाजूचे होते. कर्नाटकातील मूडबिद्री येथे धवला या प्राचीन टीकाग्रंथाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके बंद होत्या. त्यांचे दर्शन घेण्याचा प्रघात होता, वाचन मात्र थांबले होते. मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्याकडून ही हकिकत समजल्यावर हिराचंद १८८४ च्या सुमारास स्वतः तेथे गेले. जुनी कानडी लिपी वाचू शकणारे ब्रह्मसूरी शास्त्री त्यांच्याबरोबर होते. ग्रंथाचा आरंभीचा भाग त्यांच्याकडून वाचून घेतल्यावर त्याची नक्कल झालीच पाहिजे, असे हिराचंदांच्या मनाने घेतले. मठाची संमती, वर्गणी, जाणकार लेखनिक यांची जुळवाजुळव होईपर्यंत दहा-बारा वर्षे गेली आणि शतक संपता संपता नकलेचे काम सुरू झाले. पुढे विसाव्या शतकात हे ग्रंथ छापले गेले, त्यामागे सोलापूरच्या एका सावकाराचा हा हट्ट होता. हिराचंदांच्या कन्या कंकुबाई यांनी जैन स्त्रियांच्या शिक्षणाला वाहून घेतले. वंशावळी बहुधा मुलांचीच नावे लिहितात. या घराच्या वंशावळीत मुलीची नोंद गाळली, तर ती अपुरी राहील.

अशा घरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. जन्मानंतर लवकरच आई राजूबाई वारल्या आणि तान्ह्या मुलाला काका-काकूंनी वाढवले. पुढे हिराचंदांचा दुसरा विवाह झाला. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे वालचंदांचे सावत्र बंधू. सावत्रपणाची छाया या भावांच्या व्यवहारावर पडलेली दिसत नाही. पुढील अर्धशतक त्यांनी थोरल्या भावाच्या उद्योगांचा भार वाहिला. सोलापुरात शालेय शिक्षण घेऊन वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. पदवी न घेताच ते पेढीवर परतले, पण व्याजाच्या हिशेबात त्यांचे चित्त रमेना.

रीत मोडली ती येथे. सावकाराच्या घरात पैसा व्याजाने बाहेर जातो आणि व्याजासह परत येतो. कंत्राटदाराला मात्र तो आधी माती, दगड आणि मजुरी यांत ओतावा लागतो, वर हिशेब चुकला तर बुडीतही सोसावे लागते. १९०३ च्या सुमारास वालचंदांनी हा दुसरा मार्ग धरला. रेल्वेत कारकुनी करून कंत्राटदारीकडे वळलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक त्यांचे भागीदार झाले. फाटकांजवळ कामाचा अनुभव होता, वालचंदांजवळ घराण्याची पत. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या टापूचे काम या जोडीने घेतले. अडीच फूट रुंदीच्या त्या चिमुकल्या रुळांवरून पुढच्या सगळ्या प्रवासाला सुरुवात झाली, हे सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानशाची जलवाहिनी ही कामे नंतरची.

जहाजाचे प्रकरण सर्वश्रुत आहे, परंतु त्या जहाजाचीही एक वंशावळ आहे. ते प्रथम कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया होते. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेऊन लॉयल्टी असे नाव दिले आणि पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खरेदी केले. ग्वाल्हेरच्या आठवणीने कंपनीचे नाव सिंदिया ठेवले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. ही तारीख राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. व्यवहाराच्या दृष्टीने ते जहाज फायद्याचे ठरले नाही. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ते मोडीत निघाले. कंपनी मात्र ब्रिटिश कंपन्यांशी दरयुद्ध करीत टिकली. सावकाराच्या खतावणीत अशा सौद्याला बुडीत खाते म्हटले असते.

१९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमान प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून विमान कारखान्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. विशाखापट्टणच्या जहाज कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. पण विमान कारखान्यातील वालचंदांचा वाटा युद्धकाळात, १९४२ मध्येच, सरकारने विकत घेतला. जहाज कारखान्याची बहुतांश मालकीही १९५२ मध्ये सरकारकडे गेली. राष्ट्रासाठी ते आवश्यक असेलही, पण घराण्याच्या हातून त्याच्या दोन सर्वांत मोठ्या निर्मिती वालचंदांच्या हयातीतच सुटल्या.

जमिनीवरचे उद्योग अधिक काळ घरात राहिले. मालेगावजवळच्या रावळगावला आणि इंदापूर तालुक्यातील कळंबला त्यांनी माळरान घेऊन ऊस लावला, साखर कारखाने काढले. कळंबच्या शिवारात वालचंदनगर वसले. मूळच्या वांकानेरच्या घराण्याचे नाव अशा रीतीने महाराष्ट्राच्या नकाशावर एका गावाला मिळाले.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले ते आजच्या गुजरातमधील सिद्धपूर येथे.

त्यांच्यामागे मुलगा नव्हता. त्यामुळे वालचंद हे मधले नाव लावणारी पिढी झालीच नाही. त्यांच्या उद्योगांचा वारसा भावांच्या शाखांत वाटला गेला. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन गुलाबचंदांच्या शाखेकडे गेली. त्यांचे पुत्र अजित गुलाबचंद यांच्या काळात या कंपनीने वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. तो २००९ मध्ये खुला झाला. प्रीमियर लालचंदांच्या शाखेत राहिली. त्यांचे पुत्र विनोद दोशी उद्योजक आणि नाटकांचे चाहते म्हणून ओळखले जात, त्यांचे २००८ मध्ये निधन झाले. एका शाखेने वडिलांचे नावच आडनावासारखे वापरले आणि दुसरीने जुने दोशी आडनाव पुन्हा लावले. नवख्या माणसाला ही सख्ख्या चुलतभावांची नावे आहेत, असे सांगूनही पटणार नाही. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा फेब्रुवारी २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेली. गोळ्यांच्या कागदावर छापले जाणारे रावळगाव हे नाव विक्रीत गेले. वालचंदांनी ऊस लावला ते गाव मालेगाव तालुक्यात आपल्या जागी आहे.