शब्दाची पत

बँकेत आम्ही आधी तारण पाहायचो, मग माणूस. उत्तर कॅनडातल्या डेने जमातीच्या थानाडेल्थरपाशी तारण होते ते फक्त शब्दाचे.

१७१३ मध्ये शत्रू क्री टोळीने तिला पळवून नेले. पुढच्या वर्षी ती निसटली आणि हडसन उपसागराकाठी यॉर्क फॅक्टरी या इंग्रजी व्यापारी ठाण्यावर पोचली. तिथला प्रमुख जेम्स नाइट डेनेंकडच्या केसाळ कातड्यांसाठी आतुर होता. पण बंदूकधारी क्रींच्या धाकाने डेने तिकडे फिरकत नसत. आधी सलोखा, मग सौदा, हे तिने ताडले.

जून १७१५ मध्ये सुमारे दीडशे क्रींसह ती निघाली. उपासमारीने, आजाराने बहुतेक जण मागे फिरले. उरलेल्यांना थांबवून ती एकटी पुढे गेली. डेनेंमध्ये हुकूम चालत नसे, समजूत चाले. घसा बसेपर्यंत तिने आपल्या माणसांना समजावले आणि शंभरावर डेने घेऊन परतली. तह झाला. कातडी कशी राखावीत, हेही तिने त्यांना शिकवले. वाईट माल आणणाऱ्याला झापलेही.

५ फेब्रुवारी १७१७ रोजी ती आजाराने गेली. त्याच वर्षी डेनेंशी व्यापारासाठी चर्चिलचे ठाणे उभे राहिले. ठाणे कंपनीचे, भांडवल मात्र तिच्या शब्दाचे. ताळेबंदात ते कोणत्या रकान्यात मांडायचे?