विश्लेषण : डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून गॅस आणि रसायने, या तंत्राचा पाया घालणारे लुई पाश्चर कोण होते?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणारे तपकिरी, उग्र वासाचे सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश. ते ओढ्यात किंवा नदीत गेले तर मासे मरतात. तेच बंद टाकीत हवेविना कुजवले तर इंधन म्हणून वापरता येणारा गॅस मिळतो. हवेशिवायही जीव जगतात, या शोधावर हे तंत्र उभे आहे. तो शोध रेबीजच्या लशीसाठी ओळखले जाणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा. त्याची सुरुवात एका डिस्टिलरीतील तक्रारीपासून झाली.

पाश्चर मूळचे कोण?

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पाश्चर डॉक्टर नव्हते, ते रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. वाइनच्या पिंपांना आतून चिकटणाऱ्या थरातून टार्टारिक आम्ल मिळते. या आम्लाच्या क्षारांच्या स्फटिकांवर १८४८ मध्ये केलेल्या संशोधनामुळे त्यांचे नाव झाले.

डिस्टिलरीत नेमके काय घडले?

१८५४ मध्ये ते उत्तर फ्रान्समधील लील येथे विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. या भागात बीटापासून मद्यार्क तयार होत असे. १८५६ मध्ये बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांच्या काही पिंपांत मद्यार्काऐवजी आंबट द्रव तयार होत होता आणि माल वाया जात होता.

पाश्चर यांनी दोन्ही प्रकारच्या पिंपांतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. बिघडलेल्या पिंपात त्याहून बारीक, वेगळे जीव होते आणि तेथे लॅक्टिक आम्ल तयार होत होते. माल आपोआप नासत नव्हता. जीव बदलला की त्याच साखरेपासून वेगळे रसायन तयार होत होते. १८५७ मध्ये त्यांनी हे मांडले.

विरोध कोणी केला?

आंबणे ही निव्वळ रासायनिक विघटनाची क्रिया आहे, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे मत होते. त्या काळी त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. हा वाद अनेक वर्षे चालला.

हवेविना जगणारे जीव कसे सापडले?

१८५७ मध्ये पाश्चर पॅरिसला गेले. १८६१ मध्ये ते ब्युटिरिक आम्लाचा अभ्यास करत होते. खवट लोण्याला ज्याचा वास येतो, ते हे आम्ल. काचेवरील थेंबात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागत होती, तेथील जीव निश्चल झाले होते. मधले मात्र हालचाल करत होते. द्रवात हवा सोडताच आंबण्याची क्रियाही मंदावली.

हवेशिवाय जीवन नाही, ही त्या काळची समजूत होती. या जीवांसाठी हवाच घातक होती. ‘एरोबिक’ आणि ‘अॅनारोबिक’ हे शब्द पाश्चर यांच्याच लेखनातून रूढ झाले.

याच काळात घरी दुःखाचे डोंगर कोसळत होते. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली दगावल्या, त्यातील दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरीही १८७६ मध्ये त्यांनी बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

गॅसचा विचार कधी पुढे आला?

१८८४ मध्ये त्यांचे विद्यार्थी युलीस गेयाँ यांनी शेणखत हवेविना कुजवून मिथेन मिळवला. हा वायू उष्णता आणि उजेडासाठी वापरता येईल, असे पाश्चर यांना वाटले. १९व्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस मिळवण्यात आला.

पाश्चर यांचे सर्वच बरोबर होते का?

नाही. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी एडुआर्ड बुखनर यांनी जिवंत पेशी नसलेल्या यीस्टच्या रसानेही साखर आंबवून दाखवली. जीव ही क्रिया विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या मदतीने घडवतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज याचा उपयोग काय?

बंद टाकीत जिवाणू आधी मोठे रेणू तोडतात, मग त्यांपासून आम्ले तयार करतात. शेवटी दुसरे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात. हा शेवटचा टप्पा रोखला तर अॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि पाश्चर यांनी अभ्यासलेले ब्युटिरिक आम्ल मिळू शकते. ही रसायने उद्योगांना लागतात. बिअर कारखान्यांच्या टाकाऊ मालालाही हाच मार्ग लागू पडतो.

अडचण अशी की भरपूर पाण्यातून थोडे आम्ल वेगळे काढणे महाग पडते. म्हणून बहुतेक डिस्टिलऱ्या गॅसवरच थांबतात. गॅस काढल्यावरही स्पेंटवॉशचा तपकिरी रंग जात नाही, त्यामुळे पुढील प्रक्रिया करावीच लागते. ती टाळून पाणी सोडले तर नदीचे नुकसान व्हायचे ते होतेच.