हॅरॉल्ड ब्लॅक : अॅम्प्लिफायरला शिस्त लावणारा अभियंता

हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. ईसीजी यंत्र तो न बिघडवता मोठा करते. हे ज्या तत्त्वामुळे शक्य होते, ते हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक या अमेरिकी अभियंत्याचे.

१८९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेले ब्लॅक १९२१ मध्ये पदवी घेऊन वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागले. पुढे ते बेल लॅब्जमध्ये होते. त्या काळी लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ठरावीक अंतराने अॅम्प्लिफायर बसवत. प्रत्येक जण आवाजात थोडी विकृती मिसळे आणि पुढचा ती आणखी वाढवी. एकाच तारेवर अनेक संभाषणे पाठवायची, तर हे परवडणारे नव्हते.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदीतल्या फेरीबोटीत ब्लॅक यांना उत्तर सुचले. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी आकृती आणि समीकरणे मांडली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, हा निगेटिव्ह फीडबॅक. त्याने वर्धन घटते; पण विकृतीही घटते आणि अॅम्प्लिफायर अधिक रुंद कंप्रतापट्ट्यात एकसारखा चालतो. मुद्दाम मिळवलेले वर्धन घालवणे अनेकांना विचित्र वाटले. १९२८ मध्ये मागितलेले पेटंट १९३७ मध्ये हाती आले.

एक धोका होताच. संकेत प्रत्येक टप्प्यात थोडा रेंगाळतो. उशीर फार झाला, तर उलटा सोडलेला अंश सुलटा होऊन मिळतो आणि अॅम्प्लिफायर स्वतःच कंप पावू लागतो. हे कधी घडेल, याची कसोटी ब्लॅक यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिली. हेंड्रिक बोडे यांनी त्यावरून आखणीची रीत घडवली.

आजच्या दोन टप्प्यांच्या डिफरन्शियल ऑपरेशनल अॅम्प्लिफायरमध्ये हीच ओढाताण चालते. पहिला टप्पा दोन तारांवरच्या संकेतांमधला फरक तेवढा वाढवतो. त्यामुळे दोन्ही तारांवर सारखीच आलेली विजेची गुणगुण बरीचशी गळून पडते. दुसरा टप्पा वर्धन आणखी वाढवतो. त्याच्या दोन टोकांमध्ये छोटा कपॅसिटर जोडून स्थैर्य साधतात. तो मोठा घेतला तर वेग मंदावतो, फार लहान घेतला तर कंप सुरू होतो.

ब्लॅक १९८३ मध्ये वारले. वर्धनाचा काही भाग सोडून देऊन शुद्धता मिळवण्याचा त्यांचा सौदा अभियंते आजही करतात.