दार उघडं ठेवणारी डॉक्टर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून एमडी या नशेच्या पावडरीचा प्रचंड साठा पकडला. आमच्या बचत गटात त्या दिवशी तीच चर्चा. आजकालच्या पोरांना वळणच नाही, असं सगळ्याजणी म्हणत होत्या. एकजण मात्र खाली मान घालून बसली होती. निघताना तिने मला बाजूला घेतलं. तिचा थोरला, दोन लेकरांचा बाप, तीच पावडर घेत होता. वर्षभर तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

मला डॉ. अनिता अवचट आठवल्या. जवळच्या माणसांच्या त्या सुनंदा. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पती अनिल अवचट लेखन आणि सामाजिक काम करायचे. घर चालायचं ते मुख्यतः सुनंदाताईंच्या पगारावर.

ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द आली. चार दिवस ओढली की सुटत नसे. मिळाली नाही की टर्की लागायची, म्हणजे अंग ठणकायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. घरातली भांडीकुंडीही विकली जायची. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याची सारी घडी सुनंदाताईंनी बसवली.

व्यसनी माणूस वाईट नसतो, तो आजारी असतो, हे त्यांनी धरून ठेवलं. बरा होऊन गेलेला पुन्हा घसरला तरी त्याला दार बंद नव्हतं. औषधाइतकाच भर बोलण्यावर आणि कामावर. बायकोलाही आधार लागतो, हे ओळखून तिच्याशीही त्या बोलत. पुढे त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार सोसत त्या कामावर जातच राहिल्या. १९९७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे केंद्राची धुरा घेतली.

गर्द जाऊन एमडी आली, कागदाच्या इवल्या तुकड्यावरची एलएसडीही आली. आपली लाज मात्र तीच राहिली. घरात कुणाला कावीळ झाली तर आपण लपवतो का? मग हा आजार का लपवायचा? त्या मैत्रिणीबरोबर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. मुलगा बाहेरच्या बाकावर बसून होता, आत येईना. तिसऱ्या खेपेला आला.