विश्लेषण : अवघ्या ३६ मोटारी, ४०० कोटींची बोली… एन्झो फेरारींनी ‘२५० जीटीओ’ का आणि कशी बनवली?

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लिलावात १९६२ ची एक फेरारी ५ कोटी १७ लाख डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या दराने ४०० कोटी रुपयांहून अधिक! ‘२५० जीटीओ’ घराण्यातील ही मोटार १९६० च्या दशकात अमेरिकेत सुमारे १८ हजार डॉलरना मिळत असे. ज्यांच्या नावाचा शिक्का तिच्यावर आहे, ते एन्झो फेरारी मोटारी विकत ते शर्यतींचा खर्च भागवण्यासाठी. हंगाम संपला की त्यांचे लक्ष पुढच्या मोटारीकडे वळे. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळात ही मोटार कशी जन्मली, याचा हा आढावा.

एन्झो फेरारी कोण होते?

इटलीतील मोदेना शहरात फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. १९१६ मध्ये वडील आणि थोरला भाऊ, दोघेही एकाच वर्षात गेले. पहिल्या महायुद्धात एन्झो तोफखान्याच्या तुकडीत खेचरांना नाल ठोकण्याचे काम करत. आजारी पडून परतल्यावर त्यांनी तुरिनमध्ये ‘फियाट’कडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. पुढे ते ‘अल्फा रोमिओ’साठी शर्यतीत मोटार चालवू लागले. १९२९ मध्ये त्यांनी ‘स्कुदेरिया फेरारी’ हा संघ स्थापन केला. हा संघ अल्फाच्या मोटारी शर्यतीत उतरवत असे. १९३९ मध्ये अल्फाशी बिनसले. चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, ही अट मान्य करून ते बाहेर पडले. युद्धकाळात कारखाना मारानेल्लो गावी हलवला. त्यावर बॉम्ब पडले, तो पुन्हा उभा केला. १९४७ मध्ये १२ सिलिंडरची ‘१२५ एस’ ही फेरारी नावाची पहिली मोटार धावली. दोन वर्षांत ‘ल माँ’ची २४ तासांची शर्यत त्यांनी जिंकली. १९५२ आणि १९५३ मध्ये अल्बर्तो अस्कारी फेरारीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

या यशाची किंमत काय होती?

३० जून १९५६ रोजी त्यांचा मुलगा दिनो स्नायूंच्या असाध्य विकाराने वयाच्या २४ व्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी ‘मिल्ले मिल्या’ या खुल्या रस्त्यांवरील शर्यतीत फेरारीचे टायर फुटले आणि मोटार गर्दीत घुसली. चालक, त्याचा सहकारी आणि नऊ प्रेक्षक मरण पावले. त्यांत पाच मुले होती. फेरारींवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. दरम्यान कास्तेलोत्ती, मुस्सो, कॉलिन्स हे त्यांचे चालकही एकामागून एक गेले. सप्टेंबर १९६१ मध्ये मोन्झाच्या शर्यतीत वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी प्रेक्षकांवर आदळली. चालकासह अनेकांचा जीव गेला. त्याच दिवशी संघाचा दुसरा चालक फिल हिल जगज्जेता ठरला. फेरारींनी शर्यती थांबवल्या नाहीत.

नव्या मोटारीची गरज का भासली?

१९६२ पासून उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद ‘ग्रँड टूरिंग’, म्हणजे रस्त्यावरही चालवता येतील अशा मोटारींसाठी ठेवण्याचे ठरले. मार्च १९६१ मध्ये ‘जॅग्वार ई-टाइप’ अवतरली होती. फेरारीची ‘२५० जीटी’ दणकट होती, मात्र तिचे नाक बोजड असल्याने मोठ्या वेगात हवा आडवी येई. अभियंते जोत्तो बिझ्झारिनी यांच्याकडे गुपचूप काम सोपवण्यात आले. त्यांनी इंजिन मागे आणि खाली सरकवले, बोनेट लांब व सखल केले, मागचा भाग तुटक ठेवला. ओबडधोबड पत्र्याच्या नमुन्याची सप्टेंबरमध्ये मोन्झाला चाचणी झाली. ती दिसायला कुरूप असली, तरी वेगवान ठरली.

मग अभियंतेच का निघून गेले?

फेरारींच्या पत्नी लॉरा यांचा कारखान्याच्या कारभारात वाढता हस्तक्षेप वरिष्ठांना खटकत होता. १९६१ च्या अखेरीस वाद विकोपाला गेला आणि बिझ्झारिनी, मुख्य अभियंता कार्लो किटी, संघ व्यवस्थापक रोमोलो तावोनी यांच्यासह बिनीची माणसे एकदमच बाहेर पडली. फेरारींनी कुणाची मनधरणी केली नाही. २६ वर्षांच्या मौरो फोर्गिएरी या अभियंत्यावर तांत्रिक जबाबदारी टाकली. फोर्गिएरींनी मागच्या आसाची पकड सुधारली. मोदेनाचे कारागीर सर्ज्यो स्काल्येत्ती यांनी अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून तिला आजचे देखणे रूप दिले. फेब्रुवारी १९६२ मध्ये ती पत्रकारांसमोर आली.

‘२५० जीटीओ’ नावाचा अर्थ काय?

२५० म्हणजे एका सिलिंडरची अंदाजे घनक्षमता. असे १२ सिलिंडर मिळून इंजिन सुमारे तीन लिटरचे होते. त्याची शक्ती ३०० अश्वशक्तीच्या घरात. जीटीओ म्हणजे ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’, अर्थात शर्यतीसाठी मान्यता मिळालेली ग्रँड टूरिंग मोटार. खरी मेख या मान्यतेतच आहे. नियमानुसार अशा १०० मोटारी बनवणे आवश्यक होते. फेरारींनी ही नवी मोटार नसून जुन्या ‘२५० जीटी’चीच सुधारित आवृत्ती आहे, असे मांडून मान्यता मिळवली. प्रत्यक्षात १९६४ पर्यंत तीन लिटरच्या अवघ्या ३६ बनल्या. शिवाय पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत नसे. कुणाला द्यायची, हे फेरारी ठरवत.

शर्यतींमध्ये काय घडले?

मार्च १९६२ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या पहिल्याच शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए झाँदबियाँ यांनी ती एकूणात दुसरी आणि गटात पहिली आणली. ‘ल माँ’मध्ये त्या वर्षी दुसरा आणि तिसरा क्रमांक जीटीओला मिळाला. त्याच हंगामात फॉर्म्युला वनमध्ये फेरारीला जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत जिंकता आली नव्हती. १९६२, १९६३ आणि १९६४ असे सलग तीन वर्षे मोठ्या गटाचे अजिंक्यपद तिने फेरारीला मिळवून दिले. मात्र १९६४ मध्ये अमेरिकी ‘कोब्रा’ने पुरते जेरीस आणले होते. फेरारींना उत्तर म्हणून ‘२५० एलएम’ ही मोटार उतरवायची होती. यावेळी संख्येची पळवाट चालली नाही, मान्यता नाकारली गेली. जीटीओचे दिवस सरले.

पुढे काय झाले?

जुनी झालेली शर्यतीची मोटार कुणाला नको असते. काही वर्षे जीटीओ काही हजार डॉलरना मिळत होत्या. १९६९ मध्ये फेरारींनी निम्मा हिस्सा ‘फियाट’ला विकला, शर्यतीचा संघ मात्र आपल्या हाती ठेवला. एकेकाळी नोकरी नाकारणारीच ही कंपनी! १४ ऑगस्ट १९८८ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चारच आठवड्यांनी मोन्झाला फेरारीच्या मोटारी पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओला कलाकृतीचा दर्जा दिला. ती घडली तेव्हा तिच्याकडून अपेक्षा एकच होती, पुढची शर्यत जिंकण्याची. ती पुरी करताना फेरारींनी किती माणसे गमावली, याची नोंद मात्र लिलावाच्या बोलीत होत नाही.