पाखरांचे सोबती मा. कृष्णन

चेन्नईतील मैलापूर या नावातच मोर आहे. निसर्गलेखक मा. कृष्णन यांचे बालपण याच भागात गेले. त्यांचा जन्म ३० जून १९१२ रोजी तिरुनेलवेली येथे झाला. वडील अ. माधवय्या हे तमिळमधील नामवंत लेखक. त्या काळी मैलापुरात झुडपी रान होते. पाखरांबरोबर कोल्हेही दिसत. कृष्णन यांची खरी शाळा तीच.

वनस्पतिशास्त्र व कायदा यांचे शिक्षण घेऊन १९४२ मध्ये ते घोरपडे घराण्याच्या संडूर संस्थानात नोकरीस गेले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. मग दुसरी नोकरी न शोधता ते मद्रासला परतले आणि लेखणी व कॅमेरा यांवर संसार चालवू लागले. हे धाडसच होते.

१९५० पासून कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ दैनिकात त्यांचे सदर सुरू झाले. कावळा, साळुंकी यांसारख्या नित्याच्या पाखरांवरही ते तितक्याच आस्थेने लिहीत. मद्रासजवळच्या वेडंतांगल गावावर त्यांनी तमिळमध्ये पुस्तक लिहिले. तेथील शेतकऱ्यांनी तळ्यावरचे बगळे, करकोचे पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. पाखरांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी कसदार होते व शेते पिकतात, हे त्यांना ठाऊक होते. शिकाऱ्यांना आवर घालण्यासाठी १८५८ साली त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी हुकूमही मिळवला होता.

पाखरे वाचवायची तर देशी झाडे राखा, परदेशी झाडे लावू नका, हा कृष्णन यांचा आग्रह अनेकांना रुचला नाही. त्यांनी तो सोडला नाही. त्यांना पद्मश्री मिळाली. १८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्यांचा अखेरचा लेख छापून आला होता.